ॲसिड सांडलं तर जमिनीवर पाणी नको: रासायनिक कारखान्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

तारापूर असो, लोटे असो, महाड की कुरकुंभ. ॲसिडचा कॅरबॉय, म्हणजे प्लास्टिकचा मोठा कॅन, फुटला की पहिली आरोळी येते, "पाइप आण रे!" नवीन माणूस ती ऐकून धावतो आणि नळ सोडतो. ९८ टक्क्यांच्या सल्फ्युरिक ॲसिडवर पाणी पडलं की पाणी जागीच उकळतं, शिंतोडे उडतात, आणि तोवर निमूट फरशीवर पसरलेलं ॲसिड तोंडावर येतं. उरलेलं ॲसिड तेच पाणी गटारापर्यंत वाहून नेतं.

हा लेख छोट्या आणि मध्यम कारखान्यांतले ऑपरेटर, स्टोअरकीपर, ट्रेनी केमिस्ट आणि ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या विभागात, नव्याने आलेल्यांसाठी आहे. मुख्य उदाहरण सल्फ्युरिकचं घेतलं आहे, कारण ते जवळजवळ सगळीकडे सापडतं. इतर रसायनं जिथे वेगळी वागतात तिथे तसं सांगितलं आहे. तुमच्या कारखान्याच्या आपत्कालीन योजनेत काही वेगळं लिहिलं असेल, तर ती योजना पाळायची.

## १. पहिल्याच आठवड्यात हे मागून घ्या

रसायन सांडल्यावर कागद शोधायला वेळ नसतो. रुजू झाल्यावर कपाटाच्या चावीबरोबर हेही मागा:

- तुमच्या विभागातल्या प्रत्येक रसायनाची एसडीएस, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक. जुनी मंडळी तिला एमएसडीएस म्हणतात. तिचे १६ विभाग असतात, सगळे वाचत बसू नका. ४ (प्रथमोपचार), ६ (सांडल्यास काय करायचं), ८ (संरक्षक साधनं) आणि १० (कशाबरोबर भडकतं) हे चार आधी वाचा. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत अनुसूची ९ या पत्रकाचीच आहे, त्यामुळे ते मागताना संकोच नको.
- गटारांचा नकाशा. पावसाचं गटार कुठलं आणि सांडपाण्याचं कुठलं हे पायी फिरून बघा. पावसाचं गटार थेट नाल्याला मिळतं, दुसरं ईटीपीला. सांडलेलं रसायन पावसाच्या गटारात गेलं की प्रकरण कारखान्याच्या हातातून गेलंच.
- सेफ्टी शॉवर आणि आयवॉशची जागा. आपल्या कामाच्या ठिकाणाहून तिथे १० सेकंदांत पोचता आलं पाहिजे. डोळे मिटून एकदा चालून बघा. खऱ्या वेळी ते मिटलेलेच असतील.
- फोन नंबर भिंतीवर आणि खिशात: शिफ्ट इनचार्ज, सेफ्टी ऑफिसर, गेट, ईटीपी, जवळचं रुग्णालय. सरकारी नंबरांपैकी ११२, आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. तुमच्या वसाहतीत कारखान्यांचा परस्पर मदतगट, म्हणजे 'मार्ग', असेल तर त्याचाही.

यूएन नंबर, म्हणजे रसायन ओळखायचा चार आकडी नंबर, पाठ करायची गरज नाही, पण तुमच्याकडे येणाऱ्या टँकरचे चार-पाच ओळखीचे हवेत. सल्फ्युरिक १८३०, हायड्रोक्लोरिक १७८९, कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) १८२४, टोल्युइन १२९४. लेबल गळून पडलेल्या पिंपाचा कधीकधी एवढाच पुरावा उरतो.

## २. किट उघडून बघा

बऱ्याच ठिकाणी 'स्पिल किट' लिहिलेली पिवळी पेटी असते आणि आत झाडू, दोन फाटके हातमोजे आणि कोणाचा तरी जेवणाचा डबा निघतो. त्यात निदान एवढं हवं:

- कोरडी वाळू ५० किलो, झाकणाच्या पिंपात
- सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट, ॲसिडसाठी) २५ किलो, प्लास्टिक पिशवीत तोंड बांधून
- सायट्रिक ॲसिड पावडर ५ किलो (कॉस्टिकसाठी)
- रसायनासाठीचे शोषक पॅड आणि लांब सॉक्स (बांधासारखे ठेवायचे शोषक रोल). फक्त तेल शोषणारे पांढरे पॅड ॲसिड टिपत नाहीत.
- गटार झाकायची रबरी चटई, रिकामी पोती
- प्लास्टिकचं फावडं, सुपली, कडक झाडू
- झाकणाचं एचडीपीई पिंप, जाड पिशव्या, लेबल, मार्कर
- पीएच पेपर, लाल-पांढरी पट्टी
- संरक्षक साधनांचे दोन संच

वाळू 'कोरडी' हा शब्द नुसता शोभेचा नाही. कोकणात जुलैमध्ये उघड्या बादलीतली वाळू ओलीगच्च असते, आणि ती तीव्र सल्फ्युरिकवर टाकणं म्हणजे पाणीच टाकणं. सोडा ॲशही दमट हवेत दगड बनतो. दर महिन्याला गोणी दाबून बघा.

ॲल्युमिनियमची सुपली आणि जस्ताची बादली किटमधून काढून टाका. कॉस्टिक आणि ॲसिड, दोघांशीही त्यांचा हायड्रोजन तयार होतो, आणि हायड्रोजन पेटायला एक ठिणगी पुरते.

पेटी स्टोअरच्या आत ठेवू नका, दाराबाहेर ठेवा. सांडलेल्या ॲसिडमधून चालत जाऊनच किट मिळणार असेल तर त्याचा उपयोग काय?

## ३. पहिला मिनिट: मागे सरका, ओरडा, बघा

रसायन सांडताना दिसलं की हात लावायचा नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला सरका. वारा कळायला छतावरची झोळी बघा, ती नसेल तर चिमणीचा धूर. आजूबाजूच्यांना मोठ्याने सांगा: काय सांडलंय, कुठे, कोणाला लागलंय का. ठेकेदाराच्या कामगारांत मराठी न कळणारे बरेच असतात, त्यांना हिंदीत सांगा, हात धरून बाजूला काढा. मग शिफ्ट इनचार्जला फोन.

ओळखायला वास घ्यायचा नाही. लेबल, पाइपवरचा रंग आणि नाव, टाकीचा नंबर, धुराचा रंग, यांवरून ओळखा. तपकिरी-लालसर धूर दिसला तर नायट्रिक समजा, पिवळट-हिरवा असेल तर क्लोरीन, पांढरा झोंबणारा असेल तर हायड्रोक्लोरिक किंवा ओलियम (धूर सोडणारं अतितीव्र सल्फ्युरिक). 'बहुतेक पाणीच असेल' या अंदाजाने पाय टाकणारे भाजतात. लाय आणि पाणी दिसायला सारखंच असतं.

## ४. हे आपण करायचं की नाही?

नवीन माणसाला हेच सगळ्यात अवघड जातं, कारण मागे हटणं भित्रेपणाचं वाटतं. माझ्या मते नवख्याने साधी मर्यादा घालून घ्यावी: एका बादलीत मावेल इतकं, म्हणजे १० लिटरच्या आत, नाव ठाऊक असलेलं, धूर न सोडणारं, न पेटणारं, आणि ज्याची गळती थांबली आहे. यातली एक अट जरी पुरी होत नसेल, तर तुमचं काम जागा रिकामी करणं, पट्टी लावणं आणि प्रशिक्षित पथकाची वाट बघणं.

मर्यादेत बसत असलं तरी दोघे हवेत. एक काम करणारा, दुसरा दूर उभा राहून बघणारा.

प्रमाण कितीही कमी असो, क्लोरीन, अमोनिया, ब्रोमीन, ओलियम, तीव्र नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक यांना नवख्याने हात लावायचाच नाही. क्लोरीनच्या गळणाऱ्या टोनरवर (मोठ्या सिलिंडरवर) पाणी मारणं ही तर जुनीच घोडचूक. ओला क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठं होतं. शिवाय हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून खड्ड्यात, तळघरात, केबल ट्रेंचमध्ये साचतो. पळताना उंचावर जा.

## ५. माणसाला लागलं असेल तर फरशी राहू द्या

जमिनीवर पाणी नको, पण अंगावर पाणी हवंच, आणि भरपूर. मगभर पाण्याने ॲसिड पसरतं आणि तापतं. सेफ्टी शॉवरचा पूर्ण झोत ते ओढून नेतो. आधी कापडाने पुसायला फडकं शोधत बसू नका. शॉवरखाली उभं करा आणि पाणी चालू असतानाच कपडे, बूट, घड्याळ काढा. लाज वाटते म्हणून पँट अंगावर ठेवली की आतलं ॲसिड कातडीवर काम करतच राहतं. कपडे ओढून डोक्यावरून काढू नका, कापा.

ॲसिडसाठी किमान १५ मिनिटं. कॉस्टिकसाठी ३० मिनिटं किंवा जास्त, कारण ते कातडीतली चरबी साबणासारखी करत आत शिरतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. डोळ्यात गेलं असेल तर बोटांनी पापण्या उघड्या धरून धुवा. माणूस ते स्वतः करू शकत नाही, दुसऱ्याने धरायच्या.

भाजलेल्या कातडीवर सोडा, चुना, हळद, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. कातडीवर सोड्याने ॲसिड मारायला गेलात की त्याची उष्णता पुन्हा भाजते. कोरडी चुनकळी अंगावर पडली असेल तर मात्र आधी झटकायची, मग पाणी. पोटात गेलं असेल तर उलटी करवायची नाही, मिठाचं पाणी नाही. हायड्रोफ्लोरिक वापरणाऱ्या ठिकाणी २.५ टक्क्यांची कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवी. ती नसेल तर ते ॲसिड तिथे असूच नये.

नायट्रिकचा तपकिरी धूर किंवा क्लोरीन छातीत गेलेला माणूस अर्ध्या तासाने 'आता बरं वाटतंय' म्हणतो. त्याला घरी पाठवू नका. फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागतात, म्हणून रुग्णालयात देखरेखीखाली ठेवणं भाग आहे. बरोबर एसडीएसची छापील प्रत द्या. मोबाइलमधली पीडीएफ फोनवाल्याबरोबर परत येते.

आणखी एक गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्यांसाठी. काळ्या टाकीतून उन्हातल्या उघड्या पाइपने आलेलं शॉवरचं पाणी मे महिन्यात अंग पोळण्याइतकं तापतं. ते ३८ अंशांच्या वर जाऊ नये. दर आठवड्याला शॉवर आणि आयवॉश सोडून बघा. गंज गेला, पाणी नितळ आलं की बंद.

## ६. घालायचं काय

आधी ॲप्रन, मग गमबूट, गॉगल आणि त्यावर फेसशील्ड, शेवटी हातमोजे. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा. आत खोचलीत तर ओघळ थेट बुटात जातो. चामड्याचा सेफ्टी शू ॲसिड पितो आणि दिवसभर पायाला लावून ठेवतो.

हातमोज्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. दवाखान्यातले पातळ लॅटेक्स इथे निकामी. निळे नायट्राइल विरल ॲसिडला चालतात, पण ९८ टक्के सल्फ्युरिक त्यांना लवकर खातं आणि ॲसिटोनमध्येही ते टिकत नाहीत. तीव्र सल्फ्युरिकला ब्यूटाइल किंवा निओप्रीन, कॉस्टिकला जाड पीव्हीसी चालतं. खात्रीसाठी एसडीएसचा विभाग ८.

एन-९५ वाफ अडवत नाही, तो धुळीसाठी आहे. कार्ट्रिजचा मास्क घेताना रंगावर जाऊ नका, युरोपी आणि अमेरिकी रंगपद्धती वेगळ्या आहेत. वर छापलेलं वायूचं नाव आणि मुदत वाचा. आणि कार्ट्रिज हवा गाळतं, ऑक्सिजन देत नाही. खड्ड्यात किंवा टाकीत ते घालून उतरणारा माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरणाराही.

## ७. थांबवा, मग अडवा

कॅरबॉय आडवा पडला असेल तर उभा करा. भोक पडलं असेल तर भोक वर येईल असा फिरवा. पंप चालू असेल तर पंप बंद करा, मग व्हॉल्व्ह. दाबाखालच्या लाइनचा फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडलेला सांधा, गळत असताना पाना लावून बोल्ट आवळायला जाऊ नका. गॅस्केट फाटलेलं असेल तर आवळताना ते पूर्ण सुटतं आणि फवारा छातीवर येतो. आधी पंप बंद, मग दाब शून्य, मग पाना.

अडवायची सुरुवात गटारापासून. उताराच्या खालच्या टोकाला चटई किंवा वाळूची पोती, मग सांडलेल्या थारोळ्याभोवती वाळूचा बांध. ३५ लिटरचा कॅरबॉय गुळगुळीत फरशीवर ३ मिलिमीटर जाडीने पसरला तर ११-१२ चौरस मीटर जागा घेतो, म्हणजे एक लहानशी खोली. तेव्हा बांध सांडलेल्याला चिकटून घालू नका, फूटभर पुढे घाला.

टाकीभोवतीच्या डाइकचं, म्हणजे गळती अडवणाऱ्या कठड्याचं, वेगळंच दुखणं असतं. त्यात सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के मावायला हवं. पण पावसाळ्यात साचलेलं पाणी काढायला कोणीतरी डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडतो आणि तसाच विसरतो. मग टाकी गळली की डाइक म्हणजे गाळणी. व्हॉल्व्ह बंदच हवा. साचलेल्या पाण्याचा पीएच बघून मगच सोडायचं, आणि सोडताना माणूस तिथे उभा हवा. पाणी भरलेल्या डाइकमध्ये तीव्र सल्फ्युरिक पडलं तर जे होतं ते पहिल्या परिच्छेदात लिहिलंच आहे, फक्त शंभर पटीने.

## ८. टिपा आणि निष्प्रभ करा: आकडे इथे लागतात

सल्फ्युरिकवर आधी कोरडी वाळू टाका, कडेकडून आत, आणि प्लास्टिकच्या फावड्याने पिंपात भरा. बहुतेक ॲसिड असंच निघतं. फरशीवर उरलेल्या ओलसर थरावर सोडा ॲश भुरभुरवा, तोही कडेकडून. मध्ये ढीग ओतला की फसफसून उडतं. फेस थांबला की पुन्हा थोडा, असं करत जा.

किती लागतो? १ लिटर ९८ टक्के सल्फ्युरिकला हिशोबाने जवळपास २ किलो सोडा ॲश लागतो, प्रत्यक्षात अडीच धरा. म्हणजे किटमधली २५ किलोची गोणी १० लिटरला संपते, आणि अख्ख्या ३५ लिटरच्या कॅरबॉयला ८५-९० किलो लागेल. म्हणूनच मोठं सांडलं तर सगळं सोड्याने मारायच्या नादी लागायचं नाही. अडवायचं आणि ॲसिड चालणाऱ्या पंपाने पिंपात उचलायचं.

दुसरा हिशोब वायूचा. १ लिटर ॲसिडमागे साधारण ४४० लिटर कार्बन डायऑक्साइड सुटतो. दहा लिटरला चार घनमीटरहून जास्त. बंद स्टोअरमध्ये किंवा पंपाच्या खड्ड्यात तो जमिनीलगत साचतो आणि वाकून काम करणाऱ्याला घेरतो. दारं-खिडक्या उघडा, खड्ड्यात सोडा वापरूच नका.

३२ टक्के हायड्रोक्लोरिकला लिटरमागे अर्ध्या किलोहून थोडा जास्त सोडा पुरतो, पण त्याच्या वाफा झोंबतात, मास्क हवा. चुना वापरायचा तर विझवलेला. चुनकळी ॲसिडवर टाकली की भट्टी होते. 'ॲसिडवर कॉस्टिक टाकलं की बरोबर होतं' असं सांगणारा कोणी ना कोणी भेटेलच. वहीत बरोबर होतं, फरशीवर उसळतं.

नायट्रिकवर लाकडाचा भुसा, चिंध्या, गोणपाट काहीही टाकायचं नाही. तपकिरी विषारी धूर निघतो आणि भुसा पेटतो, कधीकधी कचऱ्याच्या पिंपात तासाभराने. भुसा स्वस्त म्हणून अनेक कारखान्यांत तोच ठेवतात. ॲसिडच्या विभागातून तो हाकलून द्या.

४८ टक्के कॉस्टिक लाय निसरडी असते, पडून भाजणारे जास्त. वाळूने टिपा, उरलेल्यावर सायट्रिक ॲसिड. लिटरमागे सव्वा किलोच्या आसपास, हळूहळू.

ईटीपीवरच्यांनी एक जोडी पक्की लक्षात ठेवावी: हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि कुठलंही ॲसिड. एकत्र आले की क्लोरीन. दोन्हींचे निळे कॅरबॉय सारखेच दिसतात, म्हणून एका डाइकमध्ये ठेवायचे नाहीत आणि एका सुपलीने उचलायचे नाहीत.

शेवटी ओलसर पीएच पेपर तीन जागी लावा: मध्ये, कडेला, फरशीच्या सांध्यात. ६ ते ८ आलं की आता पाइप आणायची परवानगी. तेही पाणी ईटीपीला, आणि ईटीपीच्या ऑपरेटरला आधी फोन करून.

## ९. सॉल्व्हंट सांडलं तर हा क्रम विसरा

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. आपल्या हवामानात ते बाराही महिने पेटायला तयार. हवेत १.१ टक्के वाफ झाली की ठिणगीची वाट बघत असतं, आणि ही वाफ हवेच्या तिप्पट जड, म्हणून जमिनीवरून दूरच्या ठिणगीपर्यंत सरपटत जाते.

त्यामुळे आत राहून कुठलंही बटण दाबायचं नाही. दिवा लावायचाही नाही आणि बंदही करायचा नाही, बंद करतानाही ठिणगी पडते. वीज बाहेरच्या मेनपासून तोडायची. फोर्कलिफ्ट, मोबाइल, साधा व्हॅक्यूम क्लीनर तिथे वापरायचा नाही. सगळे बाहेर, फोमचं साधन तयार, मग प्रशिक्षित माणसाने पॅड किंवा वाळूने टिपायचं, पितळी अवजारांनी. भिजलेले पॅड झाकणाच्या पिंपात. उन्हात वाळत घालणं हा आग लावायचाच प्रकार.

## १०. उरलेला कचरा

सोडा घातलेल्या वाळूच्या पिंपाचं झाकण पहिला दिवस घट्ट लावू नका. आत वायू सुटत राहतो आणि पिंप फुगतं. सैल झाकून हवेशीर, छपराखाली ठेवा.

२०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे त्यावर फॉर्म ८ चं लेबल, फॉर्म ३ मध्ये नोंद, ९० दिवसांच्या आत रवानगी आणि बरोबर फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारं वाहतूक पत्रक. हा कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या अधिकृत सामायिक केंद्रांकडे जातो. फुटका, ॲसिडने माखलेला कॅरबॉयही याच नियमांत येतो, भंगारवाल्याला द्यायचा नाही. तो धुऊन कोणीतरी त्यात पिण्याचं पाणी भरतं.

रात्री गुपचूप नाल्यात सोडायचा सल्ला मिळाला तर सुरतजवळचं सचिन आठवा. जानेवारी २०२२ मध्ये तिथे टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू सुटला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार गेले.

## ११. कळवणं आणि नोंद

तुम्ही कळवायचं शिफ्ट इनचार्जला, पुढचं कारखान्याने. मोठा अपघात असेल तर १९८९ च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत संबंधित प्राधिकरणाला सूचना जाते. घातक कचऱ्याच्या अपघातासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाला फॉर्म ११. तुमच्या हातचं काम म्हणजे त्याच शिफ्टमध्ये लॉगबुकात सहा गोष्टी लिहिणं: वेळ, रसायन आणि तीव्रता, अंदाजे लिटर, गळती कुठून, काय किती वापरलं, कोणाला लागलं. 'किरकोळ गळती, साफ केली' एवढंच लिहिलं तर तोच फ्लँज पुढच्या महिन्यात पुन्हा गळतो आणि कोणालाच कळत नाही की हे दुसऱ्यांदा झालं.

शिफ्ट सोडण्यापूर्वी किटमधून गेलेला सोडा आणि वाळू परत भरा. स्टोअर बंद असेल तर पेटीवर 'किट अपुरं' अशी पट्टी लावा आणि पुढच्या शिफ्टच्या माणसाला तोंडाने सांगा.